सोलापुरात समलिंगी चित्रपट महोत्सव भरवायचा तर

तारीख ठरवताना आम्ही आधी सोलापूरचं वर्ष समोर मांडतो. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद, लॉज भरलेले आणि सगळे पोलिस बंदोबस्तात, त्यामुळे त्या दिवसांत परवानगीच्या कागदाकडे कुणी बघत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे जातो. एसी नसलेल्या हॉलमध्ये तेव्हा माणसं बसत नाहीत आणि प्रोजेक्टरही तापून बंद पडतो. जगभरात प्राइड जूनमध्ये होतो, कारण न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या समलिंगी बारमधला पोलिसांविरुद्धचा उठाव 28 जून 1969 चा. पण आपल्याकडे जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडतात आणि पाठोपाठ आषाढीसाठी जिल्ह्यातले पोलिस पंढरपूरच्या वाटेला लागतात. गणपती आणि नवरात्रात बाहेरच्या डॉल्बीपुढे पडद्यावरचा संवाद टिकत नाही. राहता राहिले दिवाळीनंतरचे नोव्हेंबर-डिसेंबर आणि गड्डा उठल्यावरचा फेब्रुवारी. आम्हाला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बरा वाटतो, कारण तेव्हा कॉलेजच्या परीक्षा तोंडावर आलेल्या नसतात.

दोन दिवस पुरतात. तिसरा दिवस ठेवला तर दुसऱ्या दिवसाची गर्दीच तिसऱ्यावर विभागली जाते आणि हॉलचं भाडं मात्र वाढतं.

हॉल निवडताना लोक आधी भाडं विचारतात. आम्ही आधी दारं मोजतो. मुख्य दरवाज्याखेरीज आणखी एक बाहेर पडायची वाट हवी, आणि ती भर चौकात उघडणारी नको. सोलापूर मोठं शहर असलं तरी इथे कुणाचा तरी चुलता, कुणाचा तरी जुना सर, नाहीतर कारखान्यातला मुकादम हॉलसमोरच्या चहाच्या गाड्यावर उभा असतोच. हुतात्मा स्मृती मंदिरासारखी जागा ऐसपैस आहे, पण दीडशे माणसांच्या कार्यक्रमाला ती रिकामी रिकामी वाटते आणि पडदाही त्या मापाचा लागतो. फडकुले सभागृह किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयाचं किर्लोस्कर सभागृह अशा मध्यम जागा या कामाला सोयीच्या पडतात. शिवाय तिथे व्याख्यानं, पुस्तक प्रकाशनं सतत चालू असल्यामुळे आत शिरणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही.

हॉलच्या अर्जात कार्यक्रमाचं स्वरूप नेमकं लिहायचं. ‘सामाजिक विषयांवरील चित्रपट’ एवढंच लिहून पावती घ्यायचा मोह होतो. त्याने बुकिंग चटकन होतं खरं, पण आदल्या दिवशी कुणीतरी मॅनेजरला फोन करतो, मॅनेजर म्हणतो ‘हे आम्हाला सांगितलं नव्हतं’, आणि त्याचं म्हणणं कागदावर बरोबर ठरतं. म्हणून अर्जात ‘समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींच्या जीवनावरील चित्रपटांचा महोत्सव, प्रवेश फक्त नोंदणी केलेल्या 18 वर्षांवरील प्रेक्षकांना’ असं स्वच्छ लिहायचं आणि पावतीवरही तेच उतरवून घ्यायचं. नकार यायचा असेल तर तो दोन महिने आधी येऊ दे. येतोही. बहुतेक वेळा तो विषयापायी येत नाही, ‘आमच्या ट्रस्टींना विचारावं लागेल’ या वाटेने येतो आणि ट्रस्टींची बैठक काही लागत नाही. पंधरा दिवसांत लेखी होकार आला नाही की आम्ही तो नकार धरून पुढच्या हॉलकडे जातो.

थिएटर घ्यावं का, हा प्रश्न दर वेळी निघतो. सकाळचा, नेहमीच्या पहिल्या खेळाआधीचा वेळ मिळू शकतो आणि पडदा-आवाजाची चिंता मिटते. अडचण वेगळीच असते. एकपडदा थिएटरांत बहुधा यूएफओ किंवा क्यूब या डिजिटल चित्रपट पुरवणाऱ्या कंपन्यांचा सर्व्हर असतो. पेनड्राइव्ह घेऊन गेलं आणि चित्रपट लावला, असं तिथे होत नाही. चित्रपट त्या यंत्रणेत आधी चढवावा लागतो, त्याला वेळ लागतो, पैसे लागतात आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. एखादा पूर्ण लांबीचा, प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट असेल तर थिएटर उत्तम. बारा शॉर्ट फिल्म्सच्या कार्यक्रमासाठी थिएटरच्या नादी लागू नये.

आता परवानग्यांचं. नव्या मंडळींची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. समज असा असतो की अडचण समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंडसंहितेतल्या कलम 377 ची आहे. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. पोलिस ठाण्यात अजूनही एखादा हवालदार 377 बद्दल विचारतो. वाद न घालता निकालाचं पहिलं आणि शेवटचं पान अर्जाला जोडलेलं असलं की काम भागतं. खरी अडचण 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याची असते. भारतात कुठलाही चित्रपट, अगदी आठ मिनिटांचासुद्धा, सार्वजनिक ठिकाणी दाखवायचा तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. तो यूट्यूबवर फुकट दिसतो, लाखांनी पाहिला आहे, यामुळे काही फरक पडत नाही. ट्रेलरलाही वेगळं प्रमाणपत्र लागतं. ‘अलीगढ’ या चित्रपटाच्या तर ट्रेलरलाच प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं होतं, म्हणून मधल्या वेळेत सहज म्हणून ट्रेलर लावायचीही सोय धरू नये.

यातून दोन सरळ वाटा आहेत. एक, फक्त प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट दाखवायचे. दुसरी, त्याच कायद्याच्या कलम 9 खाली सूट मागायची. त्यासाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करावा लागतो. चित्रपटांची यादी, प्रत्येकाचा सारांश, कुठला चित्रपट कुठल्या दिवशी किती वाजता, निवड समितीत कोण आहेत, महोत्सव नफ्यासाठी नाही आणि प्रवेश नोंदणी केलेल्यांनाच आहे, हे सगळं त्यात द्यायचं असतं. मुंबईचा कशिश महोत्सव 2010 साली सुरू झाला तो मंत्रालयाची परवानगी घेऊन, नेहमीच्या मल्टिप्लेक्समध्ये. म्हणजे वाट चालून पाहिलेली आहे. मात्र अर्ज गेल्यानंतर यादीत बदल करता येत नाही असंच धरून चालावं. त्यामुळे चित्रपट महोत्सवाच्या दोन महिने आधी पक्के लागतात, आणि ‘अजून एक छान फिल्म मिळाली’ असं शेवटच्या आठवड्यात म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षी भेट म्हणावं लागतं.

पहिली वाट धरली तरी एक खड्डा आहेच. प्रमाणपत्र मिळतं ते चित्रपटाच्या ठरावीक रूपाला. दिग्दर्शकाकडे मात्र दोन फायली असतात, एक परदेशी महोत्सवांना पाठवलेली मूळ आणि दुसरी सेन्सॉरने सुचवलेले बदल केलेली. तुम्ही मागितल्यावर तो प्रेमाने मूळ फाइल पाठवतो, कारण त्याला तीच आवडते. ती लावली की प्रमाणपत्र हातात असूनही तुम्ही विनाप्रमाणपत्र चित्रपट दाखवत असता. म्हणून ‘सेन्सॉर झालेलीच प्रत, सुरुवातीच्या प्रमाणपत्राच्या पाटीसकट’ असं लेखी मागायचं, आणि पाटीवर छापलेली लांबी फाइलच्या लांबीशी ताडून पाहायची. 2023 च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षांची मुदत राहिलेली नाही, त्यामुळे ‘हे जुनं झालं’ असं कुणी म्हणालं तर तो नियम दाखवायचा. यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या प्रमाणपत्राचे, आता 7, 13 आणि 16 असे तीन प्रकार आहेत, पण आपण सरसकट 18 वरच थांबलेलं बरं.

हक्काचा कागद वेगळा. सेन्सॉरने दाखवायला हरकत नाही म्हटलं, तरी मालकाने दाखव म्हटलेलं नसतं. ओटीटीचं खातं घरापुरतं असतं. हॉलमध्ये त्यावरून चित्रपट लावणं हा कॉपीराइटचा भंग, आणि लॅपटॉपमधून लावायला गेलं तर बऱ्याचदा पडदा काळा राहतो आणि नुसता आवाज येतो, कारण त्या सेवा बाहेरच्या प्रोजेक्टरला चित्र सोडत नाहीत. दिग्दर्शक, निर्माता आणि वितरक यांतला हक्क कुणाकडे आहे ते आधी विचारायचं. शॉर्ट फिल्म्सवाले बहुतेक वेळा पैसे मागत नाहीत. प्रेक्षक किती आले आणि काय म्हणाले एवढंच त्यांना हवं असतं. मोठ्या चित्रपटाला मानधन द्यावंच लागतं. ईमेलमध्ये तारीख, शहर, हॉलची क्षमता, किती खेळ, तिकीट आहे की नाही, या पाच गोष्टी पहिल्याच पत्रात लिहिल्या तर उत्तर लवकर येतं. मध्यंतरात गाणी वाजवायची असतील तर त्यांचा परवाना निराळा. आम्ही गाणी वाजवतच नाही, लोकांना बोलू देतो.

पोलिस आयुक्तालयात अर्ज देताना हॉलची पावती, चित्रपटांची यादी प्रमाणपत्र क्रमांकांसह किंवा मंत्रालयाचं सूट दिल्याचं पत्र, हॉलची आसनसंख्या आणि दोन जबाबदार व्यक्तींचे नंबर जोडायचे. हॉलचा परवाना नाटक-सभांचा असतो, चित्रपटासाठी वेगळं विचारावं लागतं. तेही त्याच अर्जात घ्यायचं. एक प्रत आयुक्तालयात, एक हद्दीतल्या पोलिस ठाण्यात, आणि दोन्हींवर पोच. बंदोबस्त मागावा का? 1998 च्या डिसेंबरात ‘फायर’ हा दोन बायकांच्या प्रेमावरचा चित्रपट दाखवणारी मुंबई-दिल्लीतली थिएटरं फोडली गेली, तेव्हा त्या चित्रपटाकडे सेन्सॉरचं प्रमाणपत्र होतंच. म्हणून कळवून ठेवायचं. पण दारात गणवेशातले चार पोलिस उभे दिसले की येणारा प्रेक्षक कोपऱ्यावरून परत फिरतो. साध्या वेशातले एक-दोघे मागायचे, आणि शक्य असेल तर त्यात एक महिला कर्मचारी.

चित्रपटांची निवड हे महोत्सवाचं सगळ्यात आनंदाचं काम, आणि भांडणंही तिथेच. शॉर्ट फिल्म्सचा एक गट 80 ते 90 मिनिटांपेक्षा मोठा करू नये. बारा मिनिटांच्या सात फिल्म्स सलग पाहणं हे दीड तासाचा एक चित्रपट पाहण्यापेक्षा जास्त थकवणारं असतं, कारण दर बारा मिनिटांनी नवी माणसं ओळखून घ्यावी लागतात. गटात आत्महत्येवर संपणारी फिल्म एकच ठेवावी, आणि ती शेवटी कधीच नको. आलेल्या फिल्म्समध्ये अशा फिल्म्सची रांग लागते. बनवणाऱ्याला ते धाडसाचं वाटतं. हॉलमध्ये बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने ते अख्खं वर्ष घरी पाहिलेलं असतं. त्याला प्रेमात पडलेली, भांडणारी, भाड्याची खोली शोधणारी, स्वयंपाक बिघडवणारी माणसं दाखवा.

दुसरा हट्ट बायकांच्या फिल्म्सचा धरावा लागतो. मुलांच्या गोष्टी ढिगाने येतात, लेस्बियन गोष्टी त्यामानाने कमी. जशा येतील तशा घ्यायच्या म्हटलं तर कार्यक्रमपत्रिकेतला ‘आणि लेस्बियन’ एवढा भाग नुसता शोभेचा राहतो. आम्ही आधी त्यांचा गट भरतो, मग बाकीचे. हा गट पहिल्या दिवशी दुपारी बारा ते तीनमध्ये ठेवायचा. सोलापुरात बाईला संध्याकाळी सातनंतर घराबाहेर राहायला कारण द्यावं लागतं. दुपारी ‘वाचनालयात जाऊन येते’ एवढं पुरतं. विडी वळणाऱ्या किंवा शिलाईच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांना दुपारही मोकळी नसते, त्यांच्यासाठी त्यातलीच निवडक एखादी फिल्म रविवारी सकाळी परत लावतो.

मराठीत असे चित्रपट कुठे आहेत, असं म्हणायला आता जागा नाही. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला 2025 साली सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातल्या कथाचित्रपटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि तो गावात, दुखवट्याच्या दहा दिवसांत घडतो. मराठी चित्रपट असला की प्रश्नोत्तरांत माणसं मोकळी होतात, ‘हे परदेशातलं फॅड’ हे वाक्य निघतच नाही. एका गोष्टीची मात्र काळजी घ्यावी. आपला भाग कर्नाटकाला लागून आहे, यल्लमाच्या जोगत्यांवरच्या (देवीला वाहिलेल्या पुरुषांवरच्या) फिल्म्स आणि माहितीपट हमखास येतात. जोगता, तृतीयपंथी आणि गे पुरुष यांना एकाच पोत्यात घालणारी फिल्म असेल तर ती कितीही देखणी असली तरी आम्ही सोडून देतो.

भाषेचा प्रश्न पुण्यापेक्षा इथे अवघड आहे. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कानडी, मुस्लिम वस्त्यांत दखनी उर्दू, आणि बाजारात सगळ्यांचं मराठी-हिंदी मिसळलेलं. इंग्रजी सबटायटल्सवर पन्नास माणसं चालतात, बाकीची कंटाळून बाहेर येतात. म्हणून परदेशी किंवा दक्षिणेकडच्या फिल्म्सना मराठी सबटायटल्स करून घ्यावी लागतात, दिग्दर्शकाच्या लेखी परवानगीने. नियम साधे आहेत: एका वेळी दोनच ओळी, ओळीत 35-40 अक्षरांच्या आत, पडद्यावर दीड सेकंदापेक्षा कमी नाही आणि सहापेक्षा जास्त नाही. सगळे शब्द उतरवायचा अट्टहास करणाऱ्याची सबटायटल्स कुणी वाचून पुरी करत नाही. मराठी वाचता न येणाऱ्यांसाठी फिल्मआधी दोन मिनिटं तेलुगू आणि कानडीत गोष्ट कुठून सुरू होते तेवढं सांगायचं, शेवट न फोडता.

सबटायटल्समध्ये बिघडतं काय, तर पहिला घोळ फॉन्टचा. टायपिंग डीटीपीवाल्याकडून करून घेतलं आणि त्याने श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये दिलं, तर प्लेअरमध्ये इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडच हवं, आणि फाइल यूटीएफ-8 मध्येच साठवलेली हवी. युनिकोड असूनही ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला र तुटतो, जोडाक्षरांचे पाय मोडतात, आणि हे एका लॅपटॉपवर दिसतं तर दुसऱ्यावर नाही. म्हणून वेगळ्या फाइलवर भरवसा न ठेवता सबटायटल्स चित्रातच कायमची छापून घ्यायची आणि ती फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा पाहायची. दुसरा घोळ वेगाचा. सबटायटल्स सेकंदाला 25 फ्रेमच्या प्रतीवर बनवली आणि चित्रपटाची फाइल 23.976 ची असली तर तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांचा फरक पडतो. तो लगेच लक्षात तरी येतो. 24 आणि 23.976 मधला फरक जास्त दगा देतो. पहिली दहा मिनिटं सगळं जुळलेलं दिसतं, तपासणारा निर्धास्त होतो आणि दीड तासाच्या शेवटी संवाद पाच सेकंद मागे-पुढे झालेला असतो. तपासायचं तर सुरुवात पाहू नका, शेवटची पाच मिनिटं पाहा.

फायली मागवताना आम्ही एकच प्रकार सांगतो: एमपी4, एच.264, 1920 बाय 1080, 15 ते 20 एमबीपीएस, आवाज स्टीरिओ, 48 किलोहर्ट्‌झ. दीड तासाचा चित्रपट यात 10 ते 14 जीबीत बसतो आणि साधा लॅपटॉप तो न अडखळता चालवतो. काही जण जास्त चांगली म्हणून प्रोरेसची, म्हणजे संपादनासाठी वापरतात तसली जड फाइल पाठवतात. ती तेवढ्याच लांबीला शंभर जीबीच्या पुढे जाते आणि जुन्या हार्डडिस्कवरून चालवली की दर काही सेकंदांनी चित्र थबकतं. डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरसाठीची डिजिटल प्रत, थिएटरखेरीज उपयोगाचा नाही. त्यावर कुलूप असेल तर त्याची चावी ठरावीक सर्व्हरपुरती आणि ठरावीक तासांपुरतीच चालते, खेळ एक तास पुढे ढकलला तर चावी बाद. पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जातच नाही. लोक समजतात फाइल खराब आहे. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्यायचा. सगळ्या फायली कार्यक्रमाच्या क्रमाने, नावाआधी 01, 02 असे आकडे घालून, दोन वेगळ्या लॅपटॉपवर ठेवायच्या.

आवाजात एक चूक इतकी नेहमीची आहे की तिचं कारण सांगायलाच हवं. फाइल 5.1 ची, म्हणजे सहा चॅनेलची असते, त्यात संवाद मधल्या चॅनेलवर असतात. हॉलमध्ये फक्त डावा-उजवा स्पीकर. प्लेअरने सहा चॅनेल नीट दोनात मिसळले नाहीत तर पावसाचा आवाज धो धो येतो, संगीत येतं, आणि माणसं नुसतीच तोंडं हलवतात. म्हणून फाइल आधीच स्टीरिओ करून घ्यायची. शॉर्ट फिल्म्सची दुसरी तऱ्हा म्हणजे एक पुटपुटते आणि पुढची दणका देते. सगळ्यांचा आवाज आधी एका पातळीवर आणायचा (आवाजाचा जोर मोजायच्या एककात -23 एलयूएफएस ही प्रसारणातली रूढ पातळी चालते), म्हणजे साउंडवाल्याला मध्येमध्ये हात लावावा लागत नाही. रिकाम्या हॉलमध्ये लावलेली पातळी भरलेल्या हॉलला कमी पडते, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात. स्पीकरमधून बारीक घूं आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, दहापैकी आठ वेळा तोच चोर निघतो.

प्रोजेक्टर भाड्याने देणाराला ‘किती लुमेन’, म्हणजे प्रकाश किती, असं विचारलं की तो डब्यावरचा आकडा सांगतो. दिवा जुना झाला की प्रकाश निम्म्यावर येतो, त्यामुळे आदल्या दिवशी तोच प्रोजेक्टर त्याच हॉलमध्ये लावून पाहायचा. 12 फूट रुंद पडद्याला गडद अंधारात 3000 लुमेन पुरतात. खिडक्यांतून ऊन झिरपत असेल तर 5000 ही अपुरे. सोलापूरच्या दुपारी पडद्यांच्या फटीतून येणारा उजेड काळ्या रंगाला राखाडी करून टाकतो. काळं कापड आणि खिळे-टाचण्या बरोबर न्यायच्या. साध्या प्रोजेक्टरला रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, म्हणजे 12 फुटी पडद्यासाठी 18 फूट. तो प्रेक्षकांच्या मधोमध येतो, म्हणून तिथल्या दोन खुर्च्या आधीच काढायच्या. एचडीएमआयची साधी केबल 15 मीटरच्या पुढे नेली की चित्र चमकतं नाहीतर जातं. लांब अंतराला ऑप्टिकल केबल. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर हवेतच, कारण जनरेटर चालू होईपर्यंतच्या मिनिटभरात प्रोजेक्टर बंद झाला तर दिवा गार होऊन परत पेटेपर्यंत पाच-सात मिनिटं जातात.

हे सगळं एका बाजूला आणि दार दुसऱ्या बाजूला. कितीही चांगलं चित्र दाखवलं आणि दारावर घोळ घातला तर पुढच्या वर्षी कुणी येत नाही.

नोंदणी फोनवर बोलून करतो, नुसत्या फॉर्मवर नाही. ‘समलिंगी चित्रपट’ म्हटलं की ब्लू फिल्म समजून येणारा एक वर्ग असतो, बायकांच्या गटाला तर हमखास. दोन मिनिटांच्या बोलण्यात ते कळतं. नाव कुठलंही सांगितलं तरी चालतं. आम्ही फक्त एक क्रमांक देतो आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर तोच असतो. ज्याला हवं तो स्केचपेनने खाली नाव लिहितो. वय तपासायचं असतं म्हणून ओळखपत्र पाहतो, पण फक्त जन्मसाल; झेरॉक्स नाही, फोटो नाही. कार्डावरचं नाव आणि समोरचं माणूस जुळत नसेल तर नाव मोठ्याने वाचायचं नाही, हे दारावरच्या मुलांना चार वेळा सांगावं लागतं. तृतीयपंथी प्रेक्षक दारावरच दुखावला जातो तो याच ठिकाणी.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू नये, त्यात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करायची. मात्र ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवलेला नाही त्यांना तो निरोप जात नाही, म्हणून नोंदणीच्या वेळीच ‘कुठल्याही नावाने सेव्ह करा’ म्हणून सांगायचं. वर्गणी यूपीआयने घेतली तर खात्याचं नाव देणाऱ्याच्या स्टेटमेंटमध्ये उमटतं, आणि ते स्टेटमेंट घरी बाबा पाहतात. खात्याचं नाव साधं असावं, रोखीची सोयही असावी. बाहेरच्या फलकावर ‘चित्रपट महोत्सव, प्रवेश नोंदणी केलेल्यांसाठी’ एवढंच. झेंडे, पताका, रांगोळी हवी तेवढी आतल्या दरवाज्यापलीकडे. यावर दर वेळी आमच्यात वाद होतो. काहींना हे लपणं वाटतं. ज्याला लपायचं नाही त्याला झेंडा घेऊन बाहेर उभं राहायला कुणाचीच मनाई नाही. पण जो अजून घरात बोललेला नाही त्याच्या वतीने आपण फलक लावू शकत नाही.

फोटोसाठी एक कोपरा, तिथेच फोटो. हॉलमध्ये मोबाइल वर काढायचा नाही. पत्रकारांना बोलवायचं, पण भेटायचं ते खेळ चालू असताना बाहेरच्या खोलीत. त्यांना पोस्टर, यादी आणि नावानिशी बोलायला तयार असलेल्या दोघांचा फोटो द्यायचा. प्रेक्षकांकडे कॅमेरा वळला तर तो फोटो दुसऱ्या दिवशी शहर पुरवणीत येतो आणि कुणाचं तरी घर सुटतं. खेळाआधी अर्धा तास दारं उघडून आत अर्धेच दिवे ठेवायचे. काही जण पडद्यावरची सुरुवातीची नावं येऊन गेल्यावर अंधारातच येतात, त्यांच्यासाठी दुसऱ्या दाराजवळच्या मागच्या दोन रांगा मोकळ्या, आणि टॉर्च जमिनीकडे धरणारा एक मुलगा. महोत्सवाच्या दिवसांत डेटिंग अ‍ॅपवर खोटी खाती उगवतात. एकट्याला बोलावून, व्हिडिओ काढून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेतच. पहिल्या खेळाआधी हे माइकवरून सांगायचं, आडपडदा न ठेवता.

प्रश्नोत्तरांत माइक फिरवला तर तेच तिघे बोलतात. आम्ही कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेटी ठेवतो, भाषा कुठलीही. चिठ्ठ्यांत चित्रपटाविषयी थोडं आणि लग्नाविषयी पुष्कळ येतं. त्यामुळे मंचावर बसणाऱ्याला 17 ऑक्टोबर 2023 चा निकाल माहीत हवा: समलिंगी विवाहाला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिलेली नाही, एकत्र राहणं गुन्हा नाही. उगाच आशा लावणारं किंवा घाबरवणारं उत्तर नको. एखादी चिठ्ठी जीव द्यायच्या गोष्टी करणारी निघते. ती वाचून दाखवायची नाही. समुपदेशकाची खोली कुठली आहे ते आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक सगळ्यांसाठी म्हणून सांगायचा, आणि समुपदेशकाने तेवढा वेळ दारातच थांबायचं.

स्वच्छतागृहावर ‘कुणीही वापरा’ अशी एक तरी पाटी. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा हॉलची टाकी भरलेली आहे ना ते आदल्या दिवशी स्वतः वर चढून पाहायचं. मॅनेजरच्या शब्दावर राहू नये. जेवण आतच ठेवायचं, म्हणजे बाहेरच्या गाड्यावर घोळके होत नाहीत. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं, ताक. उरलं तरी वाया जात नाही.

पैशाचं थोडक्यात: परदेशी नागरिकाने किंवा परदेशी संस्थेने देणगी देऊ केली तर एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेता येत नाही, रक्कम कितीही लहान असो. भाड्याच्या आणि प्रोजेक्टरच्या पावत्या एकाच नावाने. बिनपावतीचा खर्च फक्त चहाचा.

संपल्यावरच्या आठवड्यात दिग्दर्शकांना प्रेक्षकांचा आकडा आणि चिठ्ठ्यांतली दोन-चार वाक्यं पाठवायची, नावं-गावं काढून. त्यांच्या हार्डडिस्क परत करायच्या आणि लॅपटॉपवरच्या फायली दोन्हीकडून पुसायच्या. नोंदणीची वही फाडून जाळतो; पुढच्या वर्षी लोकांना परत शोधावं लागतं, ते चालतं. हॉलचं डिपॉझिट परत घ्यायला मात्र तीन-चार फेऱ्या धराव्यात, आणि जाताना खिळ्यांची भोकं बुजवायला पांढरी पुट्टी घेऊन जावी.